पिकलेला जांभळा

यंदा कातरणारा उशिरा आला.
हिलारचं खांद्याचं हाड मार्चमध्ये मोडलं होतं,
बर्फावरून घसरून, तेही चर्चच्या पायरीवर;
ही गोष्ट सारेमा बेटावर सगळ्यांना तोंडपाठ.
म्हणून जूनभर माझ्या एकोणीस मेंढ्या
आपापली रजई पांघरून उन्हात धापा टाकत राहिल्या,
आणि जुलै निम्मा सरल्यावर
लोकर नि फळं एकाच आठवड्यात दारात उभी राहिली,
न कळवता आलेल्या दोन व्याह्यांसारखी.

इथे उन्हाळ्यात रात्र नावालाच.
दहा वाजता अंगणात सुई ओवता येते,
बाराला आकाश ताकाच्या निवळीसारखं होतं,
आणि तीनला कोंबडा पुन्हा आपलं म्हणणं मांडतो.
अशा उजेडात काम संपत नाही,
हात संपतात.

हिलार मेंढीला दोन गुडघ्यांत बसवतो,
न्हाव्याकडे आणलेलं हट्टी पोर जसं.
आधी पोट, मग मांडी, मग पाठ,
आणि लोकर सलग उतरत जाते
सायीसारखी, न फाटता.
आतली बाजू वर आली की कळतं
ही बया वर्षभर धुळीखाली किती पांढरी होती.
उठते ती निम्मी होऊन, ओशाळून.
तिची पिल्लं तिला ओळखत नाहीत,
हुंगतात, मागे सरतात, पुन्हा हुंगतात.
मग ती ओरडते, आणि
आवाज तोच असतो.

भावाची मिर्त, वय सात,
कुंपणापाशी सोस्तार तोडत होती.
काळी टपोरी फळं, पानांना मांजराच्या मुताचा वास;
आम्ही तीच पानं चहात घालतो आणि पाहुण्यांना सांगत नाही.
दोन तोंडात, एक टोपलीत, असा तिचा हिशेब.
तरी टोपली भरली,
आणि ठेवायला तिला जी मऊ जागा दिसली
ती पिल्वेची लोकर.
कळपातली सर्वांत पांढरी,
टाल्लिनच्या दुकानाने आगाऊ पैसे देऊन राखलेली.

मी पोचले तेव्हा मधोमध
तळहाताएवढा जांभळा सावकाश पसरत होता,
आणि मिर्त त्यावर पाय ठेवून
इकडे तिकडे पाहत उभी होती.

मी रागवायला तोंड उघडलं.
हिलार कमरेवर हात ठेवून सरळ झाला नि म्हणाला,
"आता सगळीच बुडव."

बुडवली.
मोठं पातेलं, तुरटीचे खडे,
जॅमसाठी ठेवलेली चार किलो फळं.
दुकानाचे पैसे परत पाठवले, वर टपालखर्च गेला.
पण दोरीवर वाळत घातली तेव्हा
शेजारची साल्मे सायकलवरून उतरली
आणि दूध नासेल हे विसरून पाहत राहिली.

मला ठाऊक होतं, मिर्तला नव्हतं,
फळाचा रंग पाहुणा असतो.
उन्हाने उतरतो, साबणाने पळतो.
मुळांचा टिकतो, सालींचा टिकतो,
आजीच्या वहीत शेवाळाचासुद्धा लिहून ठेवलाय,
फळाच्या पानावर मात्र एकच ओळ: खाऊन टाका.

नऊ दिवसांत जांभळा राखी झाला.
नोव्हेंबरात बोटी बंद होतात तेव्हा समुद्र असतो, तसा.
मिर्त दोरीखाली बराच वेळ उभी राहिली.
"म्हणजे खोटा होता?"
नाही गं, म्हटलं. पिकलेला होता.
तिला पटलं नाही. मलाही सांगताना
पुरतं पटलं नव्हतं.

आता गूजबेरी भरल्यात.
तोडायला गेलं की काटे आधी हात मागतात.
त्या काट्यांवर जूनमधली लोकर अडकली आहे,
मेंढ्या अंग घासत गेल्या तेव्हाची,
मळकी, चिमूटचिमूट.
ती मी वेचत नाही.
चिमण्या येतात, रंग न पाहता
चोचीत मावेल तेवढी उचलतात,
आणि गोठ्याच्या छपराखाली जातात.
एवढं बरं गिऱ्हाईक
टाल्लिनमध्ये नाही.