वजावट

जुलैची अखेर. साखर पेठेत, माझ्या टेबलावर
पद्मावती चिप्पा टॉवेलच्या पिशवीतून
लेकीच्या कॉलेजच्या पावत्या काढतात,
सालवार, सुतळीने बांधलेल्या.

शिकवणी शुल्क धरता येईल, म्हटलं.
विकास निधी नाही.
वसतिगृह नाही, मेस नाही.
त्या नुसती मान हलवतात,
मागावर तुटलेला धागा शोधावा तशा
एकेक पावती उलटी करून बघतात.

तळाशी वहीचं एक पान:
पुण्याची एसटी, चष्मा, डबा,
शेंगाचटणी दोन किलो.
त्याखाली पेन्सिलीने, वेगळ्याच अक्षरात:
आईचं रात्रीचं शिवण.
पुढे आकडा नाही.

हे तर त्यांनीही आजच वाचलं.

"कुठल्या कलमात बसवू?" मी उगाच हसलो.
त्यांनी पान ओढून घेतलं.
"हे जोडू नका. घरी लागेल."