एकशे अठ्ठावीस अंश

चेंदणी बंदराच्या शेडमध्ये लागले तेव्हा मी एकोणीसची.
काम एवढंच: शिशाची बदकं उचलून ठेवायची.
लाकडी पट्टी वाकवत विजयकर म्हणायचे, इथे, जरा पुढे, इथे,
आणि अडीच किलोचं बदक चोचीनं वळण दाबून धरायचं
पेन्सिल नाळेपासून सुकाणूपर्यंत पोचेतो.
वळण खोटं असलं तर पट्टी कुरकुरते, ते म्हणत.
हाताला लबाडी जमते, लाकडाला नाही.

चौतीस वर्षांत एकोणीस बोटी काढल्या त्यांनी.
सात बांधल्या गेल्या.
उरलेल्या माझ्या कपाटावर आहेत, नळ्यांत, डांबरगोळ्यांसकट.

गिऱ्हाईक विचारायचं, पळते किती?
ते सांगायचे, झोपता येतं.
तिसऱ्या रात्री, ओल्या कपड्यांनिशी, कललेल्या बोटीत
माणसाला झोपता येतं.
अर्धी गिऱ्हाइकं तिथूनच परत.

पोशा नाखवा पठाणावर थाप मारून हसायचा,
एवढं शिसं? शेठ, बोट करताय का नांगर?

अडचण खाडीची.
पठाण गाळात रुतू नये तर उधाण हवं,
आणि उधाणात वाशीचा पूल खाली येतो
(येतं ते पाणी वर, पण आम्ही असंच म्हणायचो).
म्हणून आमची प्रत्येक बोट ठाण्यातून निघाली
डोलकाठी पाठीवर आडवी घेऊन, ऐरोली, वाशी,
दोन्ही पुलांखालून निमूट.
शीड चढलं ते कायम आमच्या नजरेआड.
सातातली एकही मी वाऱ्यावर पाहिलेली नाही.

मग एकदा करंबेळकरांचं पत्र आलं, ओमानचा शिक्का.
टिटवी उलटली. पहाटे चार दहा.
मी मोजलं नाही, हिच्या मते नऊ सेकंद.
डोलकाठी गेली. कुकरचं झाकण छताला रुतलंय.
सरळ झाली. आम्ही दोघं आहोत.

विजयकरांनी हिशेबाची जुनी वही काढली.
समासात लिहिलं होतं, १२८ अंश, इथवर कलली तरी परत येईल.
त्यावर तांबड्या पेन्सिलीनं बरोबरची खूण केली
आणि म्हणाले, कुकरला कडी हवी होती.
पुढच्या प्रत्येक नकाशात ओट्यावर ती कडी आहे.
मीच काढायचे.

शेवटची बोट खाडीनं घेतली नाही. गाळच इतका.
ती निघाली ट्रेलरवरून, रात्री दोनला, कोपरी पुलाकडे.
पुढे दोन पोरं बांबूनं तारा उचलत,
दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक बाई दात घासायची थांबलेली,
तिच्या गुडघ्यांशी बोटीचा कठडा.
मागून विजयकर चालत, अठ्ठ्याहत्तरचे, हातात टॉर्च, न लावलेला.

गतिरोधकावर चाक चढलं. बोट कलली.
ड्रायव्हर, पोरं, पोशाचा मुलगा, मी,
सगळे एकदम ओरडलो.

ते खाली वाकून
चपलेचा निघालेला अंगठा बसवत होते.