पान एकतीस

शेटलंडच्या येल बेटावर दर दुसऱ्या गुरुवारी
ग्रंथालयाची गाडी येते. वारा असेल तर उशिरा,
आणि वारा असतोच.
ऑस्ला स्पेन्स फाटकाशी उभी,
पिशवीत वाचून झालेली पाच, हातमोज्यात चष्मा.
गाडीवाला गिबी विचारत नाही काय हवं.
ठाऊक आहे त्याला : मोठ्या टायपातली,
आणि ज्यांत लग्न आधी होतं.

म्हणजे मृत्युपत्रात तशी अट असते,
किंवा कुण्या उमरावाला पोरक्या पुतण्यांसाठी
घरात बाईमाणूस हवं असतं.
एक वकील, दोन सह्या, थंड जेवण.
ती म्हणते, प्रेमाचं काही बोलायचं नाही.
तो म्हणतो, अर्थातच.
इथे ऑस्ला खुर्ची शेगडीजवळ ओढते.

गिबी एकदा म्हणाला,
शेवट तर मुखपृष्ठावरच दिसतो की.
शेवट कुणाला हवाय, ती म्हणाली.

तिला हवं असतं ते मधलं.
तो तिच्या खोलीच्या दाराला कडी बसवून देतो,
स्वतः, तोंडात खिळे धरून,
कडी आतून, तिच्या बाजूने.
आणि मग दीडशे पानं ती कडी
लागते, लागते, एका रात्री लावायची राहते.
किंवा त्याच्या लक्षात येतं
की ती अंड्यातलं पांढरं ताटात ठेवून देते.
दुसऱ्या दिवशी काही न बोलता तो ते उचलून खातो.
बस. एवढ्यावर ऑस्ला पुस्तक मिटते
आणि बाहेर मेंढ्यांकडे बघत बसते.

सोयरीक हा शब्द सावकाश उच्चारून पाहा :
सोय आधी येते,
बाकीचं मागून, जरा अडखळत.

तिचं स्वतःचं लग्न प्रेमाचं.
एकोणिसाव्या वर्षी, बोटींच्या शर्यतीनंतरच्या नाचात,
मॅग्नीच्या कोटाला डांबराचा वास होता
आणि साऱ्या बेटाला आधीच कळलं होतं.
‘मोठी नोट पहिल्याच दिवशी मोडली आम्ही,
मग एकेचाळीस वर्षं सुटे शोधत राहिलो.
वाईट नव्हता हो.
फक्त पुन्हा कधी पाहिलं नाही त्याने माझ्याकडे,
त्याला वाटायचं, पाहून झालंय.’
हे तिने गाडीच्या पायरीवर सांगितलं,
पुस्तकांवर तारखेचे शिक्के पडत असताना,
आणि गिबीने एक शिक्का उलटा मारला.

तिथली म्हातारी माणसं वाचलेल्या पुस्तकात
पेन्सिलीने खूण करतात, तेच पुन्हा घरी जाऊ नये म्हणून.
मिनाची फुली सातव्या पानावर.
ऑस्लाची एकतिसाव्यावर,
विणकामातल्या सुलट टाक्याएवढी.

त्या हिवाळ्यात नवी खरेदी बंद झाली.
शेल्फ संपलं. सगळ्या वधू, सगळे करार,
प्रत्येकात एकतिसाव्या पानावर टाका.
फेरीच्या रांगेत गाडी उभी करून
गिबीने मुलीच्या कंपासपेटीतलं रबर काढलं
आणि चार पुस्तकांतली खूण पुसली.
पुसता पुसता एक वाचायला लागला.
मागच्या गाड्यांनी हॉर्न दिले.

तिने ती चारही नेली. नावं वाचली, काही बोलली नाही.
पंधरा दिवसांनी परत करताना म्हणाली,
बरी होती. तो कडीवाला जरा ओळखीचा वाटला.

रांगेत त्याने एकतिसावं पान उघडलं.
खरबरीत झालेल्या जागेवर पुन्हा तोच टाका,
आणि शेजारी, बारीक अक्षरात :
पुढच्या वेळी रबर मऊ घे.