गरम नळ

रुवैसच्या खोली नंबर सतरात
फ्रिजला सुतळीने बांधलेली एक वही आहे.
कुणी सुरू केली ठाऊक नाही.
पहिल्या पानावर एवढंच: नवीन येणाऱ्यासाठी.
मग ज्याला जे कळलं ते त्याने लिहिलं.
बकाल्यातला कुट्टी उधार देतो, तारीख पाळायची.
बस सव्वाचारला, सव्वापाचला नाही, इनामदारने दोनदा चुकवली.
लाल झाकणाचा डबा पेडणेकरचा. विचारून.

मी आलो डिसेंबरात, डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणून.
माझं कामच ते:
दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांत कुणी काय बदललं
याचा हिशेब ठेवायचा.
तिथे एक रेघ हलली
तर तिच्याभोवती ढग काढतात,
शेजारी त्रिकोणात आकडा,
खाली सही, तारीख, कारण.
(या गावात वर्षभर दिसणारे ढग तेवढेच.)
जुना कागद फाडत नाहीत. शिक्का मारून
कपाटात ठेवतात, कुणी विचारेल म्हणून.

खोलीवर आलो की हे सगळं
बुटांबरोबर दाराबाहेर.

एका रात्री लाल पेन घेऊन बसलो.
'पानी'चं पाणी केलं, 'पायजे'चं पाहिजे.
दस्तगीर मुकादमची ओळ होती:
उन्हाळ्यात गार पानी पायजे तं गरम नळ सोड.
मी हसलो.
गरम खोडलं, थंड लिहिलं.
ढग नाही. सही नाही.
तो शेजारच्याच कॉटवर होता, माझ्याकडे पाठ करून,
फोनवर दापोलीतल्या मुलीचे पाढे ऐकत.
विचारायला अडीच फूट अंतर होतं.

त्याने ते पान कधी उघडलं कोण जाणे.
बोलला काही नाही.
फक्त त्यानंतर वहीत त्याचं अक्षर नाही.
मला वाटलं, माणसाचं सांगून संपलं.

जूनमध्ये परांड्याहून वैजनाथ आला.
पहिल्याच दिवशी, भर दुपारी,
वही नीट वाचून (शहाणा पोरगा)
थंड नळाखाली डोकं घातलं.
किंकाळी मी जिन्यात ऐकली.

दस्तगीरनेच त्याला ओढला
आणि गरम नळ सोडला त्याच्या मानेवर.
गार होतं ते.
गच्चीवरच्या टाकीत पाणी उकळत असतं,
बंद गिझरमधलं घरात, एसीच्या थंडाव्यात, निवत पडलेलं.
मे ते सप्टेंबर इथे नळ एकमेकांची नावं घेतात
हे त्याने अकरा उन्हाळे काढून
एका ओळीत लिहिलं होतं,
मी अर्धा हिवाळा बघून सुधारलं.

त्या रात्री पेन्सिल घेतली.
माझ्या 'थंड'भोवती ढग काढला.
त्रिकोणात एक. सही. तारीख.
कारण: मी डिसेंबरात आलो होतो.
त्याची ओळ खाली पुन्हा उतरवली,
पानी, पायजे, तं, सगळं जसंच्या तसं,
आणि वही सुतळीसकट सोडून
त्याच्या कॉटवर नेली.
"दस्तगीरभाई, हे बरोबर आहे का?"

चष्मा लावून तो बराच वेळ वाचत राहिला.
वैजनाथ कानाला बर्फ लावून बघत होता.
"नळाचं बरोबर," म्हणाला,
"पानीचं तुझं ऱ्हाऊ दे. पोरगी पण तसंच सांगते."

मग माझ्याच हातातली पेन्सिल घेऊन
खाली लिहू लागला, 
रातच्याला बादली भरून ठेव,
आणि पुढे पाणी,
ण काढताना जीभ दातांत धरून.