भिंतीतला बोल्ट

दहा बाय अकरा.
टेपचं एक टोक वीरभद्र मिस्त्रीनं धरलं,
दुसरं मी अंगठ्याखाली दाबलं.
"अकरालाही दोन इंच कमी," तो म्हणाला
आणि पेन्सिल कानावर खोचून
कापड कमी पडल्यावर शिंपी गिऱ्हाइकाकडे बघतो
तसा खोलीकडे बघत राहिला.

अशोक चौकाजवळच्या दुकानात
दिवसा सोफा, रात्री पलंग होणारा एक नग पाहिला होता.
किंमत विचारली,
त्यांचं गार पाणी प्यालो, परत आलो.

घरात तीन माणसं, शिलाई मशीन,
शिवायला आलेल्या टॉवेलांचे गठ्ठे दारापर्यंत,
आणि भंगारवाल्याकडून किलोच्या भावानं आणलेलं
एका मोडक्या हातमागाचं सागवान.
माग कुणाचा होता, त्यालाही ठाऊक नव्हतं.
अंबादासनं लाकडावरून हात फिरवला,
म्हणाला, "डावखुरा होता कुणीतरी.
झीज बघ कुठल्या बाजूला आहे."

मिस्त्रीनं आधी पेटी केली.
दिवसा बाक, पोटात चादरी आणि शाळेची जुनी वह्या-पुस्तकं.
रात्री झाकण उलटलं की दोन पाय फुटतात,
त्यावर श्रावणी झोपते, आम्ही खाली.
मे महिन्यात पत्रा तापला
की पेटी उचलून गल्लीत,
मग ती आमची राहत नाही,
ज्याला झोप आधी येईल त्याची.

टेबलाला जागाच नव्हती.
तेव्हा ते भिंतीला बिजागरीनं लटकवायचं ठरलं,
जेवण झालं, अभ्यास झाला की वर उचलून
धोट्याच्या खुंटीला अडकवायचं.
मिस्त्रीनं ड्रिल लावलं.
भिंत चार इंची.
बोल्ट होता सहाचा.

पलीकडून शिवगंगाक्का ओरडली,
"अय्यो, एनिदू!"
तिच्या सिद्धेश्वराच्या फोटोशेजारी
वीतभर अंतरावर
आमच्या टेबलाचं टोक बाहेर आलं होतं.

ती आमच्या दारात येऊन कन्नडमध्ये भांडली,
मी तेलुगूत उत्तर दिलं,
मिटवायला दोघींनाही मराठीत यावं लागलं.
मिस्त्री मात्र टेप घेऊन तिच्या घरात शिरला,
उरलेली एक फळी त्या टोकात ओवली,
खाली टेकू दिला, वरून नट आवळला.
"घ्या, कपबशांना जागा झाली.
मजुरी एकाच घराकडून घेतो."

तेव्हापासून श्रावणी लिहायला बसली
की पलीकडे कप किणकिणायचे.
गणित असलं की जास्त,
इतिहासाला जरा कमी.
सकाळी नळावर अक्का विचारायची,
"काल दीडलाच झोपली का पोरगी?
मधे पाऊण तास काही वाजलंच नाही."
मी कात्रीनं टॉवेल कापायची तेव्हा
ती भिंतीवर बोटं वाजवून सांगायची,
हळू गं, दूध ठेवलंय.

दिवाळीनंतर तिच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला.
भिवंडीत कुणी ओळखीचं होतं.
टेम्पो आला त्या सकाळी
ती पाना मागायला आली,
"फळी नेते गं. तिथं काय मिळतंय, काय नाही."
मी पाना दिला आणि मनात म्हटलं,
गेलं आमचं टेबल. फळीशिवाय नट सैल पडणार.

थोड्या वेळानं करवतीचा आवाज आला.
पाना परत करताना काही बोलली नाही.

संध्याकाळी श्रावणीनं टेबल खाली घेतलं.
हललं नाही.
किल्ली आमच्याकडेच ठेवली होती, म्हणून पलीकडे जाऊन पाहिलं :
फोटोच्या जागी चौकोनी पांढरा डाग,
आणि नटाखाली, घट्ट,
तिच्याच फळीचा तीन बोटं रुंद तुकडा.

म्हणजे भिवंडीत
ती फळी जिथं कुठं लागली असेल, तिथं
तीन बोटं आखूड आहे.
एक कप मावत नसेल.