बुडाची खूण

श्रावणातल्या मंगळवारी दोघे आले शिरोड्याला,
गाडीत चित्र, बुडबुड्यांच्या प्लास्टिकात गुंडाळलेलं.
विचारत होते, ह्याची वरची बाजू कुठली?
सही नाही, नाव नाही,
मागे लाकडावर पेन्सिलीची एक फुली.
फुली माझी, मी म्हटलं. बसा.

हिरावती आरोंदेकरच्या चौकटी मीच केल्या,
एकतीस वर्षं.
फणस, घरं पाडताना उरलेले सागाचे वासे,
एकदा मोडीत काढलेल्या होडीची फळी,
खिळ्यांचा गंज आत मुरलेला.
घासून काढतो म्हटलं, तर म्हणाली, "तसोच ऱ्हवांदे."

बाप तिचा मिठागरात.
नऊ वर्षांची असताना कंदील घेऊन
रात्रीच्या भरतीला उघाडी उघडायला जायची.
पाणी येताना दिसत नाही, सांगायची,
वाफ्यातल्या चांदण्या फक्त हलायला लागतात.
मग मुंबईला शिकली, तिकडे नाव झालं,
आणि परत आली.
का, ते मी विचारलं नाही.

गाव म्हणायचं, भिंतीला चुना मारावा
तशी कापडाला मारते नि लाखांत विकते.
मीही एकदा म्हटलंच,
"बाये, ह्या काय काढलंस?"
रंधा मारत होतो त्या फळीवर तिने तळवा ठेवला.
"आणि ह्या काय आसा?"
कपाट होईल, असं म्हणणार होतो.
नाही म्हटलं.

एकदा माझी निळीची दोरी मागून घेतली.
एक टोक माझ्या हातात, एक तिच्या दातांत,
मध्ये चिमटीत ओढून सोडली:
टण्ण.
ती रेघ आता परदेशात कुठल्याशा भिंतीवर आहे.
पुस्तकात छापलंय, क्षितिज.
असेल.
डावीकडे ती जराशी चढते, त्यावरही दोन पानं आहेत.
माझ्या बोटाला त्या दिवशी काप होता,
दोरी नीट धरवली नाही.

शेवटी शेवटी डोळ्यांत मोतीबिंदू,
पांढऱ्यावर पांढरं,
आणि रंगात चक्क मीठ कालवायची, आगरातलं, जाडं.
मुंबईहून पत्र आलं, चित्राला पाणी सुटतंय.
तिने कार्डावर लिहिलं,
भरती आहे. दिवाळीपर्यंत थांबा.

तर फुली.
झाड उभं होतं तसंच लाकूड उभं करावं,
एवढं माझ्या बापाने शिकवलं.
फुली बुडाकडे.
ती नवी चौकट आली की आधी मागे बघायची,
फुली खाली करायची, मग कापड ताणायची.
बोललो नाही आम्ही त्यावर कधी.

मी चित्र फिरवलं.
दोघे गप्प. कुठल्याशा कंपनीच्या हॉलमध्ये
बारा वर्षं उलटं टांगलेलं.
"काही बिघडलं का हो?"
बघणाऱ्यांचं काय बिघडायचंय, मी म्हटलं,
फणसाला जरा जड गेलं असेल.

फोटो काढले, चहा घेतला, गेले.
मेजावर भुश्श्यात एक ओला चौकोन राहिला.
बोट लावलं,
जिभेला लावलं.