फिका पिस्ता

ऐरोलीला इंजिनिअरिंग कॉलेजच्या कंपाउंडचं काम होतं.
गवतेशेठ म्हणाले, परीक्षेआधी उरक.
गेटच्या डावीकडे, छातीच्या उंचीला
थाळीएवढा डाग,
तेलकट; मधोमध गिलावा झिजून वीट उघडी पडलेली.
मला वाटलं, पोरं पिचकाऱ्या मारत असतील.
खरवडला, लांबी भरली,
अंधार पडेस्तोवर दोन हात मारले ऑइलपेंटचे.
फिका पिस्ता.

सकाळी नऊला पोरं आली ती
घरफोडी झाल्यासारखी भिंतीपुढं उभी.
"काका, वीट कुठंय?"
"कसली वीट?"

मग कळलं.
पेपरला जाताना विटेला अंगठा टेकवायचा. डावा.
कुणा भोईरनं उजवा टेकवला,
तर मेकॅनिक्समध्ये तीनदा लटकला.
आता तो इथंच मेकॅनिक्स शिकवतो,
म्हणजे काय समजायचं ते ज्याचं त्यानं.
टेकवताना बोलायचं नाही.
केटी असेल त्यानं दोनदा.

मला हसू आलं.
एवढाले कॅल्क्युलेटर खिशात
आणि भरवसा विटेवर!
"ओला आहे गं, खाडीची हवा, वाळला नाही अजून,"
म्हणेपर्यंत एकीनं अंगठा टेकवलासुद्धा.
उमेरा मुकादम. हॉलतिकिटावर वाचलं.
तिच्यामागं साडेतीनशे.

दुपारी बाहेरून आलेल्या सुपरवायझरबाई
गठ्ठा घेऊन तरातरा खाली.
पानापानावर पिस्ता ठसे.
"ही कसली खूण? कॉपीची टोळी आहे का?"
शिपाई साळवी चपलेकडं बघत राहिला.
त्याचाही अंगठा पिस्ता होता.
मी म्हटलं, "बाई, रंग माझा आहे."
आणखी काय सांगणार?
परांचीवर चढण्याआधी मी ब्रश
टर्पेंटाइनमध्ये तीनदा बुडवतो.
एकदा पुरतो.

संध्याकाळी ठसे घासून पुन्हा हात मारला.
मग शेठ गेल्यावर
पत्र्यानं एक वीट उघडी केली.
तीच की शेजारची, देवाला ठाऊक;
रंगाखाली सगळ्या सारख्याच.

दुसऱ्या दिवशी रांग लागली.
कुणी काही विचारलं नाही.
उमेरानं दोनदा टेकवला.

निकाल लागला तेव्हा मी वाशीला
एका सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर होतो.